पांढऱ्या साडीचे फोटो

“मॅडम, काही कळलं का?”

बावीस वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे. नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. खालून दात कोरायच्या मशीनची घरघर येते आणि वर माझ्यासमोर माणसं कळवळत बसलेली असतात. खालचे डॉक्टर निदान भूल तरी देतात, माझ्याकडे तीही सोय नाही. विचारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की मला काही कळलेलं नाही. कळलं असतं तर मीच फोन केला नसता का? तरी विचारतात. मी जेवायला बसले की विचारतात, भाचीच्या मंगळागौरीला गेले तर फुगडीतून हात सोडवून बाजूला नेतात आणि विचारतात. डोंबिवलीच्या एका काकांच्या मुलीचा अर्ज माझ्याकडे होता. ते रोज सकाळी दहाच्या ठोक्याला फोन करायचे. मी म्हटलं, “काका, तिकडे आत्ता पहाट आहे, साहेब झोपलेत.” दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी तीनला करायला लागले. साहेब ऑफिसात पोचले असतील, या हिशेबाने.

माझं काम काय, ते सांगते. मी वकील नाही. एजंट तर मुळीच नाही, एजंट म्हणजे “होऊन जाईल हो” म्हणणारा माणूस. मी फाइल करते. इथला कुणी परदेशी नोकरीला लागतो, काही महिन्यांनी त्याला बायको-मुलांना तिकडे न्यायचं असतं. त्यासाठी त्या देशाचा राहण्याचा परवाना लागतो. लग्नाचं सर्टिफिकेट, मुलांचे जन्मदाखले, त्यावर आपल्या सरकारचा परदेशात चालणारा शिक्का, नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, तिकडच्या घराचा करार, आणि हे लग्न खरंच झालेलं आहे याचा पुरावा म्हणून फोटो. हे सगळं क्रमाने लावायचं, खाली इंग्रजीत ओळी लिहायच्या, अर्ज केंद्रावर पाठवायचा. तिथे बोटांचे ठसे देऊन झाले की आमचं काम संपतं आणि वाट बघणं सुरू होतं.

हे वाट बघणं म्हणजे काय चीज आहे, ते ज्याने बघितली त्यालाच कळेल. वेबसाइटवर एकच ओळ असते, अर्ज विचाराधीन आहे. आज तीच, महिन्याने तीच, नातेवाइकांच्या बारशापासून पाचव्या वाढदिवसापर्यंत तीच. फोन नंबर आहे, तो लागत नाही. ईमेलला उत्तर येतं, तुमचा ईमेल मिळाला. लोकांनी मग आपसात व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, त्यात मलाही घातलंय. तिथे दिवसभर ज्योतिष चालतं. दिवाळीनंतर अर्ज केलेल्यांचं आलं, दिवाळीआधीच्यांचं का नाही? एका साहेबाच्या टेबलावर गेलेल्या फायली लवकर सुटतात म्हणे. बाळकुमच्या एक कोळी मावशी सुनेसाठी यायच्या, सहा महिने बिचाऱ्या शांत होत्या. सातव्या महिन्यात म्हणाल्या, “गो बाय, त्यो सायेब मेला का काय? मेला असंल तर दुसरा बशिवतील ना?” मला आजवर याहून समंजस प्रश्न कुणी विचारलेला नाही.

देशाचं नाव मी लिहीत नाही. उत्तरेकडचा आहे, थंड आहे, आणि अजून माझ्या काही फायली तिथे पडून आहेत.

तर प्रज्ञा. ही माझ्याकडे आली तेव्हा तिची मुलगी मैत्री एक वर्षाची होती. प्रज्ञा आंबिवलीची, कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. दिवसभर लोकांची रक्तं तपासायची आणि संध्याकाळी रिपोर्ट द्यायची, त्यामुळे रिपोर्ट वेळेवर मिळतो अशी तिची भाबडी समजूत होती. नवरा मिलिंद तिकडे एका कारखान्यात मशीन फिटर. तो गेला तेव्हा प्रज्ञाला सहावा महिना होता. लेकीला त्याने फोनच्या पडद्यावरच बघितलेलं. त्याचा स्वतःचा परवाना तेव्हा नूतनीकरणाला गेलेला, आणि तो हातात नसताना देशाबाहेर पडलं तर परत आत घेतील याची खात्री कुणी देईना. म्हणजे तो येऊ शकत नाही, या जाऊ शकत नाहीत. बाप आणि लेक एकमेकांना शिवलेले नाहीत, ही गोष्ट त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे.

पहिल्या दिवशी प्रज्ञा सासूबरोबर आली. सासूबाई शांताबाई, अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, नाकासमोर बघून चालणाऱ्या. कागद एकदम चोख होते. मग मी म्हटलं, लग्नाचे फोटो द्या.

प्रज्ञाने दोन पाकिटं काढली. पहिल्यात विहारातलं लग्न. सकाळची वेळ, समोर बुद्धमूर्ती, भंतेजी बसलेले, मिलिंद पांढऱ्या कुर्त्यात, ती पांढऱ्या साडीत, दोघांच्या गळ्यात हार, मागे पन्नास-साठ माणसं. दुसऱ्यात दोन दिवसांनी कल्याणच्या हॉलमध्ये झालेलं रिसेप्शन. लाल घागरा, भाड्याची शेरवानी, स्टेजवर सिंहासनासारख्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा.

आता माझी हुशारी ऐका. वर्षभरापूर्वी माझ्या एका फाइलीत तिकडच्या लोकांनी विचारलं होतं, हिंदुस्थानातल्या लग्नात होम असतो ना, मग तुमच्या फोटोत तो का नाही? त्या जोडप्याने कोर्टात लग्न केलं होतं. मी तेव्हाच ताडलं होतं की तिकडे बसलेल्या माणसाच्या डोक्यात आपल्या लग्नाचं एक चित्र ठरलेलं आहे, आणि फोटो त्या चित्रात बसला नाही की शंका सुरू. शिवाय खरं सांगायचं तर चित्र माझ्याही डोक्यात होतं. मी नौपाड्यात वाढले. लग्न म्हणजे शालू, मुंडावळ्या, अंतरपाट. पांढऱ्या साडीतली नवरी बघून मला काही सुचेना.

मी पहिलं पाकीट बाजूला सारलं आणि म्हटलं, “हे नकोत गं. पांढरी साडी बघून त्या साहेबाला वाटायचं घरात दुखवटा आहे. हे लाल घागऱ्याचे छान आहेत.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. शांताबाईंनी पहिलं पाकीट उचललं, पदराने पुसलं आणि पिशवीत ठेवलं. मी लाल घागऱ्याचे सहा फोटो निवडले आणि खाली सुवाच्य इंग्रजीत ओळ लिहिली की हा विवाहविधी. स्वागतसमारंभ असं लिहायला हवं होतं, पण विधी म्हटलं की वजन येतं असं मला वाटलं. फाइल मोठी देखणी झाली होती.

सात महिने गेले. प्रज्ञा “काही कळलं का” असं कधी विचारायची नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. महिन्यातून एकदा ती मैत्रीला घेऊन यायची, खुर्चीत बसायची, वेबसाइट माझ्या कॉम्प्युटरवर उघडायला सांगायची. तिच्या फोनवर काय वेगळं दिसणार होतं? पण तिला वाटायचं, ऑफिसातून बघितलं की नीट दिसेल. मैत्री तोवर चालायला लागली होती. माझ्या टेबलाखाली जाऊन स्टेपलरच्या पिना गोळा करायची. तिला मोबाइल दिसला की ती म्हणायची, “बाबा उघड.” तिच्या लेखी बाबा ही उघडायची गोष्ट होती.

मग मिलिंदला तिकडच्या ऑफिसात मुलाखतीला बोलावलं. दीड तास प्रश्न. लग्न कुठे झालं, किती वाजता, कोण कोण होतं, नवरीने काय घातलं होतं. त्याने मला फोन केला तेव्हा आवाज एकदम मोकळा होता. “मॅडम, सोपे होते सगळे प्रश्न. जे झालं ते सांगून टाकलं. सकाळी दहा वाजता विहारात, ती पांढऱ्या साडीत, मी पांढऱ्या कुर्त्यात, होम-बिम काही नाही, अर्ध्या तासात लग्न लागलं.”

फाइलीत काय लिहिलं होतं ते मलाच माहीत होतं. लाल घागरा, रात्रीची रोषणाई, आणि खाली माझ्या अक्षरात, हा विवाहविधी.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “छान झालं, आता वाट बघू.”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. विवाहाबाबत दिलेली माहिती आणि सादर केलेला पुरावा जुळत नाही, खुलासा करावा. काय जुळत नाही ते त्या शहाण्यांनी लिहिलेलं नव्हतं. कधीच लिहीत नाहीत. चूक कुठे आहे ते उमेदवाराने ओळखायचं आणि उत्तरही त्यानेच द्यायचं, अशी ही परीक्षा. प्रज्ञा पत्र घेऊन आली, चेहरा उतरलेला. “मॅडम, मिलिंद काही चुकीचं बोलला असेल का?”

आणि मी, बावीस वर्षांची अनुभवी बाई, म्हणाले, “नवरे मुलाखतीत घाबरतात गं, काहीतरी बोलून जातात.”

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझीच लाज वाटली. पण परत घेतलं नाही. लग्नाचं सर्टिफिकेट पुन्हा पाठवलं, दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली, नवरा-बायकोच्या रोजच्या व्हिडिओ कॉलची यादी जोडली. चुकीच्या ओळीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मला भीती होती. पुराव्याच्या फोटोखाली फाइल करणाऱ्या बाईने चुकीची ओळ लिहिली, हे एकदा त्यांच्या नोंदीत गेलं की माझ्या सगळ्याच फायली ते भिंगातून बघणार. आणखी बारा कुटुंबं होती माझ्याकडे तेव्हा. मी स्वतःला सांगायची की मी त्यांच्यासाठी गप्प आहे. खरं तर मला माझं नाव जपायचं होतं.

आणखी तीन महिने तीच ओळ, अर्ज विचाराधीन आहे. त्या काळात मिलिंद आणि प्रज्ञाची भांडणं व्हायला लागली. ते मला शांताबाईंनी सांगितलं. ती त्याला विचारायची, तू नक्की काय बोललास? तो म्हणायचा, खरं तेच बोललो, आता काय खोटं बोलू? रोज तेच. मैत्री फोन बघून पळायला लागली, कारण फोन लागला की आई रडते हे तिला कळायला लागलं होतं.

मग एके दिवशी निर्णय आला. अर्धा. मैत्रीला परवाना मंजूर. प्रज्ञाचा विचाराधीन.

मी ते तीन वेळा वाचलं. दोन वर्षांच्या पोरीला तुम्ही बोलावता आणि तिच्या आईला थांबवता? लगेच माझं मलाच उत्तर सापडलं. बाप कोण यावर त्यांना शंका नव्हती, जन्मदाखला स्वच्छ होता. त्यांची शंका लग्नावर होती. आणि मैत्रीच्या परवान्याला मुदत होती. चार महिन्यांच्या आत तिने त्या देशात पाऊल ठेवायचं, नाहीतर परवाना रद्द आणि सगळं पहिल्यापासून.

ग्रुपवर लोकांनी अभिनंदन केलं, हात जोडलेले, फुलांचे गुच्छ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी सुचवलं, मुलीला ओळखीच्या कुणाबरोबर पाठवून द्या, आईचं मागाहून होईल. प्रज्ञाने ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, “मॅडम, ती रात्री माझा कान धरून झोपते.” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शांताबाई एकट्याच आल्या. प्रज्ञा ड्यूटीवर होती. जिना चढून धाप लागलेली, पाणी दिलं तर नको म्हणाल्या. पिशवीतून लग्नाचा अख्खा अल्बम काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि विहारातलं पान उघडलं.

“मॅडम, एक विचारू? राग मानू नका. मी अडाणी हाय असं नाय, चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय.”

“विचारा ना.”

“गोऱ्या लोकांच्या पोरी लगीन कोणत्या रंगात करतात?”

त्यांनी विहारातल्या फोटोवर बोट ठेवलं.

“पांढऱ्यात ना? मी टीव्हीवर बघितलंय. लांब पांढरा झगा, हातात फुलं. त्यांना आमचा पांढरा रंग का खटकला असता?”

खटकला मला होता. ज्या साहेबाच्या नावाने मी तो फोटो काढून टाकला, त्याची बायको, त्याची आई, त्याची आजी पांढऱ्यातच उभ्या राहिल्या असणार. दुखवटा त्याला दिसला नसता, मला दिसला होता. आणि शांताबाईंनी मला असं काहीच म्हटलं नाही, साधा रंगाचा प्रश्न विचारून त्या थांबल्या. मी खालमानेने अल्बम बघत बसले. त्या फोटोत प्रज्ञा इतकी प्रसन्न हसत होती की ते हसू मी त्या दिवशी बघितलंच कसं नाही, कळेना. लाल घागऱ्यात ती दमलेली दिसते.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. बावीस वर्षांत लिहिलेल्या हजार पत्रांपेक्षा ते मला जड गेलं. विवाह सकाळी विहारात बौद्ध पद्धतीने झाला, त्याचे फोटो सोबत जोडत आहे. आधी दिलेले फोटो दोन दिवसांनंतरच्या स्वागतसमारंभाचे आहेत. ते निवडण्याचा आणि त्याखाली चुकीची ओळ लिहिण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता. अर्जदाराने मूळ फोटो मला पहिल्याच दिवशी दिले होते, मी ते नाकारले. तिच्या पतीने मुलाखतीत सांगितलेला शब्दन् शब्द खरा आहे. खाली सही, शिक्का, ऑफिसचा पत्ता. मिलिंदला पाठवलं, त्याने तिकडून आपल्या खात्यातून ते पत्र आणि पांढऱ्या साडीचे अकरा फोटो चढवले. त्याने मला उलट काही विचारलं नाही.

आणि मग परत वाट बघणं. पण या खेपेला मला कळलं की इतकी वर्षं समोरच्या खुर्चीत बसून लोक काय भोगत होते. सकाळी चहाआधी वेबसाइट. आंघोळ करून आल्यावर वेबसाइट. राममारुती रोडवर भाजी घेताना पिशवी मनगटात अडकवून वेबसाइट. ओळ तीच. मैत्रीची मुदत संपायला तीन महिने राहिले, दोन राहिले, एक राहिला. डोंबिवलीच्या काकांवर मी किती वेळा खेकसले होते, ते सगळं आठवायचं. एकदा तर मीच दुपारी तीनला तिकडे फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकलं आणि कट झाला.

मुदतीला सोळा दिवस उरलेले असताना प्रज्ञाचा परवाना मंजूर झाला. कारण काही दिलेलं नव्हतं. नाकारताना देत नाहीत, मंजूर करताना कशाला देतील?

पासपोर्ट परवान्याचा स्टिकर लागून परत आला तेव्हा मुदतीला नऊ दिवस होते. जायच्या आदल्या दिवशी प्रज्ञा मैत्रीला घेऊन मूळ कागद न्यायला आली. मी पेढे आणून ठेवले होते. सगळे कागद मोजून दिले, विमानतळावर कोणता कागद कुठल्या खिशात ठेवायचा ते समजावलं, थंडीचे मोजे घेतलेस का विचारलं. खूप बोलत होते मी. ती ऐकून घेत होती. मग फाइल पिशवीत घातली आणि म्हणाली,

“मॅडम, तुमचं पत्र मिलिंदने मला फोनवर वाचून दाखवलं. मराठी करून.”

“हो का.”

“चांगलं लिहिलंत. एवढं कोण लिहितं स्वतःबद्दल.” तिने पिशवी खांद्याला लावली. “पण ते तुम्ही त्यांना लिहिलंत. मला काहीच बोलला नाहीत. मी चार महिने मिलिंदला धारेवर धरलं. तुम्हाला माहीत होतं, तरी मला त्याच्याशी भांडू दिलंत.”

खालची मशीन नेमकी तेव्हा बंद होती. मी म्हटलं, “चुकलं माझं, प्रज्ञा. फोटोचं पण आणि ते पण. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.”

“फोटो बाजूला सारलेत तेव्हाच मी बोलणार होते. मग वाटलं, तुम्हाला यातलं जास्त कळतं.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तिने एक पेढा मोडून अर्धा मैत्रीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, टेबलाखालून पोरीला बाहेर काढलं, तिच्या मुठीतल्या पिना माझ्या डबीत परत टाकल्या, आणि “येते मॅडम” म्हणून जिना उतरली.

पुढचं मला शांताबाईंकडून कळलं. विमानतळावर मैत्री बापाकडे गेलीच नाही. आईच्या मागे लपली आणि तिने आईकडे फोन मागितला. दोन दिवस मिलिंद त्याच घरात दुसऱ्या खोलीतून तिला व्हिडिओ कॉल करत होता. तिसऱ्या दिवशी बोलत बोलत फोन हातात धरून तो दारात आला, मग आत आला, मग फोन खाली ठेवला. शांताबाई हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही तेच करत होते. दोन वर्षांहून जास्त काळ त्याने काढला होता, त्यातले सात-आठ महिने माझे होते.

माझ्या टेबलाच्या काचेखाली आता बरेच फोटो आहेत. परवाना मिळालेली माणसं पोचली की तिकडून एक फोटो पाठवतात, बर्फात, बागेत, नव्या घराच्या दारात. रीतच पडलीय तशी. मी छापून काचेखाली सरकवते. हल्ली नवीन कुणी आलं की मी लग्नाचे सगळे फोटो घेते, जसे झाले तसे, आणि खाली काय लिहायचं ते त्यांनाच विचारते.

प्रज्ञाचा फोटो आलेला नाही. यायलाच हवा असं काही नाही. तिला जाऊन आता दहा महिने झाले. सकाळी ऑफिस उघडलं की मी आधी फोन बघते.